रोडग्यापासून कपकेकपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हणून प्रत्येकीने आपल्याला जे येते त्यावर थोडेफार लिहून द्यावे, असे बैठकीत ठरले. कोणी भजनावर लिहिणार, कोणी बचतगटावर. माझ्या वाट्याला खारे-गोड कपकेक आले. "प्रमाण आणि कृती तेवढी लिहा," असे मला सांगण्यात आले. कृती मी शेवटी देणारच आहे. परंतु या कपकेकच्या पाठीमागे एक गोष्ट घडली आहे, आणि त्या गोष्टीमागे फार जुना इतिहास आहे. तो सांगितल्यावाचून नुसते वाटी-चमच्याचे माप लिहावयास माझे मन घेईना.

गेल्या संक्रांतीचे हळदीकुंकू भगिनींना आठवत असेल. आपल्यातील एक भगिनी हल्ली घरी केक करून विकते. तिने त्या दिवशी तिळगुळाच्या वडीऐवजी म्हणून डबा भरून कपकेक आणले होते. कणीक आणि ज्वारीचे पीठ, गूळ, तीळ, आणि त्यात मीठ, मिरे, आले असा तो खारा-गोड प्रकार होता. डबा उघडताच खमंग वास सुटला. पण "यात अंडे आहे का हो?" असे कोणीतरी विचारले. "नाही ताई, दह्यात भिजवले आहेत," असे ती म्हणाली. तरीही कोणाचा हात पुढे होईना. एकीचा उपास निघाला, एकीचे पोट भरलेले होते. मी माझे सांगते. मीही पदर सावरला आणि हात मागे घेतला. अंड्याचे नुसते निमित्त होते. तो डबा कोणत्या वस्तीतून, कोणाच्या घरून आला, हे खरे कारण होते. आपण सर्वजणी ते जाणतो, म्हणून अधिक लिहीत नाही.

तिने काही न बोलता झाकण लावले, सतरंज्या उचलू लागली, आणि "येते ताई" म्हणून निघून गेली.

रात्री माझी मुलगी मला म्हणाली, "आई, दिवाळीला बेकरीतली नानखटाई तू आवडीने खातेस. मग आज काहून खाल्ले नाहीस?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी भाजलेल्या अन्नाचा इतिहास विचारू आणि वाचू लागले. काही म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले, काही वाचनालयातील पुस्तकांत मिळाले, काही मुलीने शोधून दिले. ते येथे मांडते.

केक हा भाजून करावयाचा पदार्थ, म्हणून तो परका, असे आपण समजतो. परंतु विस्तवाच्या उबेत पीठ भाजून खाणे आपल्या वऱ्हाडाला काही नवीन नाही. आपले रोडगे काय आहेत? जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवावी, त्यात मीठ आणि ओवा घालावा, गोळ्यावर तेल लावून दुसरी पारी चढवावी, मग तिसरी. गोवऱ्या पेटवून ज्वाळ विझू द्यावी आणि त्या निखाऱ्यात रोडगे पुरावेत. वरून ऊब, खालून ऊब, चोहोबाजूंनी सारखी. हल्लीच्या ओव्हनमध्ये याहून निराळे काय घडते? पळसाच्या पानात ठेवून भाजलेले पानगे हेही त्याच जातीचे. अरुणावतीच्या काठी किंवा देवळाच्या आवारात रोडग्यांचे जेवण झाले नाही असे वर्ष आपल्याकडे सहसा जात नाही.

रोडगा जुना आहे याला पुरावाही आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांचा काळ १५३३ ते १५९९ असा सांगतात. त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते, आणि त्याच्या मोबदल्यात घरातील एकेक माणूस दूर करावयास सांगते. भारुडाचा अर्थ आध्यात्मिक आहे, पण ऐकताना बायकांना हसू आल्यावाचून राहत नाही. म्हणजे सोळाव्या शतकातही रोडगा घरोघरी ठाऊक होता.

आता खाऱ्या-गोडाचे पाहा. एकच रोडगा आपण वरण आणि वांग्याच्या भाजीत कुस्करून तिखट खातो, आणि शेवटचा तुकडा गूळ-तुपात चुरून गोड खातो. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागतेच. चिवड्यात साखर आणि आमटीत गूळ घालणारी माणसे आपल्यात कमी नाहीत. माझ्या सासूबाई पुरण शिजवताना चिमूटभर मीठ घालीत. मी नवीन असताना विचारले, "आत्याबाई, गोडात मीठ कशाला?" तर म्हणाल्या, "मीठ पडल्याबिगर गूळ बोलत नाही, वं." पुढे वाचनात आले की थोडेसे मीठ जिभेला लागणारा कडवटपणा दबवते, म्हणून गोडी अधिक खुलते. फ्रान्समध्ये १९७७ साली हेन्री ले रू नावाच्या मिठाईवाल्याने खारट लोण्याचे कॅरामल काढले, आणि पुढे खारे-गोड चॉकलेट आणि केक यांची जगभर आवड पसरली. सासूबाईंना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चव मात्र ठाऊक होती.

अशी ही भाजण्याची विद्या जुनी. पण भाजलेले अन्न कोणाच्या हातचे, कोणाच्या भांड्यावरचे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आपल्याकडे पालथ्या मडक्यावर मांडे भाजतात. मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा तर लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. संन्याशाची मुले म्हणून आळंदीत या भावंडांना वाळीत टाकले होते. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते, परंतु विसोबा चाटी यांनी कुंभारांना बजावले की तिला खापर देऊ नका. मुलगी रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी आख्यायिका आहे. आपण ती चमत्काराची कथा म्हणून सांगतो. मला आता ती निराळी दिसते. एका लहान मुलीला भाजावयास भांडे मिळू दिले नाही, हा त्या कथेतला खरा भाग. चमत्कार मागाहूनचा. तेच विसोबा पुढे शरण आले आणि विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले, हेही आपण विसरू नये.

त्यानंतर पाव आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि पाव हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. पीठ फुगवण्यास त्यांच्याकडचे खमीर येथे मिळेना, म्हणून गोव्यात माडाची ताडी पिठात घालू लागले. ख्रिस्ती माणसाच्या हातचे आणि त्यात ताडी, असा पाव हिंदू माणसाला दुप्पट वर्ज्य झाला. वसईकडे तर विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी पिणारे सगळे बाटले, अशा कथा सांगतात. एवढ्याशा तुकड्याने माणसे आपल्या माणसांना दुरावली.

पावाची ही भीती घालवण्यासाठीच मुंबईत काही सुशिक्षित मंडळींनी पाव हाती घेतला. १८४९ साली तेथे परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुखांपैकी होते. जातिभेद मानणार नाही असे म्हणणाऱ्या नव्या सभासदाला तेथे ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. तोंडाने बोलणे सोपे असते, खाणे कठीण, हे त्यांनी ओळखले होते. पण सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली, आणि घरच्यांच्या व समाजाच्या भीतीने सभा मोडली. रात्री खाल्लेला पाव दिवसा कबूल करण्याचे धैर्य पुष्कळांना झाले नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातील मोठी माणसे गेली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाविषयी लिहिले आहे. हे वाचताना मला आपला हळदीकुंकवाचा दिवस आठवला. आमच्यापैकी कोणी डब्याला हात लावून मागे घेतला, कोणी लावलाच नाही. एवढी वर्षे लोटली तरी पेला हातात धरून खाली ठेवणारी माणसे आपणच.

परंतु त्याच महाराष्ट्रात दुसरी उदाहरणेही आहेत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य समजल्या गेलेल्या माणसाला हॉटेल काढून दिले. त्याच्या हॉटेलात कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मोठमोठ्या माणसांनाही घ्यावयास लावू लागले. उपदेश केला नाही, चहा प्याले. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेही याच प्रश्नाचे उत्तर होते. आणि आपल्या वऱ्हाडातच गाडगेबाबा होऊन गेले. त्यांच्या हातातील गाडग्यात ज्या घरची भाकर पडेल ती ते खात. ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी जातपात न पाहता लोकांना जेवू घातले. त्या गाडग्यापुढे आपली चिनीमातीची ताटे मला लहान वाटतात.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. दिवाळीत आपण रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत नेतो. नानखटाईतील नान हा शब्द फारसी, अर्थ रोटी. ती सुरतेहून सगळीकडे पसरली असे सांगतात. मुंबईच्या ग्रँट रोडवरील मेरवानचा मावा केक १९१४ पासूनचा, आणि पुण्याच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे १९५५ नंतरची. ही सारी इराणी हातांची करणी, आणि पुण्या-मुंबईहून कोणी आले की आपण ती आवर्जून मागवतो. आपल्या गावच्या बेकरीत तर आपल्या डब्याशेजारी कोणाचा डबा असतो? सर्व आळ्यांतले, सर्व धर्मांचे डबे एका रांगेत असतात. एकाच भट्टीत सगळ्यांचे पत्रे जातात, एकच माणूस ते आत-बाहेर करतो. चिठ्ठीवर नाव असते, नानखटाईवर नसते. बाबा कंबलपोशांच्या यात्रेत आपण भजी-जिलेबी घेतो तेव्हाही तळणाऱ्याचे गोत्र विचारीत नाही. दाम मोजून घेतले की चालते, आणि शेजारणीने प्रेमाने पुढे केले की चालत नाही, हे माझ्या मुलीला समजेना. खरे सांगते, आता मलाही समजत नाही.

कपकेकचा स्वतःचा इतिहासही बायकांच्या हातचा आहे. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स नावाच्या बाईचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. पुस्तकावर तिने स्वतःची ओळख अमेरिकन अनाथ अशी दिली आहे. लहान कपांमध्ये भाजावयाच्या हलक्या केकची कृती त्यात आढळते. पुढे १८२८ साली एलायझा लेस्ली या बाईने आपल्या पुस्तकात कपकेक हे नाव वापरले. या नावाचे दोन अर्थ सांगतात. एक, कपात भाजलेला. दुसरा, तराजू न वापरता कपाने मोजून केलेला. मला दुसरा अर्थ फार आवडतो. गरीब घरी तराजू कोठून असणार? आपल्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिले, तेव्हा त्यांनीही घरातील वाटी आणि चमचा हेच माप धरले. त्यामुळे सासर-माहेरापासून दूर असलेल्या कितीतरी मुली स्वयंपाक शिकल्या. त्यांचा कप तीच आपली वाटी.

अंड्याविषयीही एक सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम गावी आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडे सोसत नसे आणि खमीरही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्यावाचून होणारे कस्टर्ड आणि १८४३ साली खमिरावाचून पीठ फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. एका बाईच्या पथ्यासाठी निघालेली ती भुकटी आज आपल्या अंडे न खाणाऱ्या भगिनींच्या उपयोगी पडते. एखादीला एखादी वस्तू चालत नसेल तर तिच्यासाठी वेगळी सोय करता येते, आणि ती प्रेमाने करता येते. अंडे न खाणे हे पथ्य झाले. माणूस टाळणे हे पथ्य नव्हे.

हे सगळे वाचून झाल्यावर एक दिवस मी त्या भगिनीच्या घरी गेले. प्रथम काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हटले, "त्या दिवशी मीही हात मागे घेतला होता. माझे चुकले." तिने पाट दिला, चहा ठेवला. मी चहा घेतला आणि कपकेक मागितला. मग म्हटले, "मला शिकव." तिने पुढील कृती मला करून दाखवली.

दीड वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि पाऊण चमचा मीठ एकत्र दोनदा चाळून घ्यावे. पाऊण वाटी किसलेला गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळावा. तो निवल्यावर त्यात एक वाटी ताजे दही आणि अर्धी वाटी तेल घालून घुसळावे. एक चमचा भाजून कुटलेले जिरे, अर्धा चमचा मिरपूड आणि बोटाच्या पेराएवढे आले किसून टाकावे. मग पीठ घालून हलक्या हाताने कालवावे. फार घोटू नये, नाहीतर केक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट असावे. दह्याची आंबट चव आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे धरतात, म्हणून कालवलेले पीठ ठेवून देऊ नये. तूप लावलेल्या लहान वाट्या पाऊण भराव्यात, वर तीळ पेरावेत. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड कुकरमध्ये वाळूचा थर देऊन, शिटी आणि रबर काढून, दहा मिनिटे तापवावे, आणि आत तिवईवर वाट्या ठेवून मंद आचेवर सुमारे अर्धा तास ठेवावे. सुरीचे टोक खुपसून कोरडे निघाले की झाले. एवढ्यात दहा-बारा कपकेक होतात. अंडे त्यात नाही.

कृती लिहून झाल्यावर मी तिला विचारले, "स्मरणिकेत तुझे नाव घालू का?" ती म्हणाली, "नाव नको ताई. कृती घाला." मंडळात पुन्हा डबा आणशील का, असे विचारले तर हसली आणि म्हणाली, "आता तुम्ही शिकला न, तुम्हीच आणा." यात राग नव्हता, पण त्या दिवसाची आठवण होती. ती पुसावयाचे काम तिचे नाही, आपले आहे.

म्हणून मी असे ठरवले आहे. वर्धापनदिनाच्या दिवशी चहाबरोबर मी हे कपकेक आणणार आहे. ते मी माझ्या घरी करणार नाही. तिच्या घरी, तिच्या ओव्हनमध्ये, आम्ही दोघी मिळून भाजणार आहोत. डबा उघडण्यापूर्वी मी हे सर्वांदेखत सांगणार आहे, म्हणजे परमहंस सभेसारखे काही गुपित राहणार नाही. ज्यांना घ्यावयाचे त्यांनी घ्यावे. पहिला मी घेईन. ती कार्यक्रमाला येईल की नाही, हे तिने अजून सांगितलेले नाही.